तालुक्याच्या गावी अग्निशमन केंद्राची जागा कशी ठरवावी

नगरपरिषदेची मोकळी जमीन कुठे आहे, येथून सुरुवात न करता आग कुठे लागते आणि गाडी तेथे किती मिनिटांत पोहोचते, येथून सुरुवात करावी. ग्रामीण भागासाठी सर्वसाधारणपणे २० मिनिटांचा निकष धरला जातो. त्यातून गाडी निघेपर्यंतची २ मिनिटे वजा केली आणि ताशी ४० किलोमीटर वेग धरला, तर १२ किलोमीटरचाच टप्पा हाती उरतो.

मग नकाशावर जिनिंगचे (कापसातून सरकी वेगळी करण्याचे) कारखाने, कडब्याच्या गंज्या आणि दाट वस्ती यांच्या खुणा कराव्यात. हिंगणघाट किंवा वणीसारख्या गावी हंगामात कापसाचे ढीग उघड्यावर रचलेले असतात, आणि एक ठिणगी ढिगाच्या पोटात शिरली की वरून पाणी मारूनही आत धग राहते, म्हणून जिनिंगच्या बाजूस झुकते माप देणेच योग्य.

रेल्वे फाटक मात्र विसरू नये. केंद्र रुळांच्या अलीकडे आणि जिनिंग पलीकडे असेल, तर बंद फाटकापुढे सारे गणित कोलमडते. मे महिन्यातही न आटणारी विहीर किंवा जलकुंभ जवळ हवा. जागा पक्की करण्यापूर्वी पाण्याने भरलेली गाडी बाजाराच्या दिवशी, भर दुपारी त्या रस्त्याने नेऊन घड्याळ लावावे.