रॅम, एसएसडी बदलताना या चुका टाळा

विदर्भ-मराठवाड्यात थंडीत हवा कोरडी पडली की दाराच्या कडीला हात लावताच स्थिर विजेचा (स्टॅटिकचा) चटका बसतो. तो चटका जाणवतो तेव्हा अंगावर साधारण ३,००० व्होल्ट साठलेले असतात. कॉम्प्युटरमधल्या काही चिपा मात्र १०० व्होल्टच्या आतच बिघडतात. म्हणूनच "मला कुठे शॉक लागला?" हा निकष इथे कामाचा नाही. मुंबईच्या पावसाळ्यात हा त्रास कमी होतो, पण संपत नाही. शिवाय एसी दिवसभर चालू असलेली खोली कोरडीच असते.

सगळ्यांत जास्त गोंधळ अर्थिंगचा होतो. रिस्ट स्ट्रॅप (अंगावरचा चार्ज वाहून नेणारा, वायर जोडलेला पट्टा) मनगटाला बांधला, क्लिप कॅबिनेटला लावली, पीसीची पिन सॉकेटमध्ये ठेवली, की झालं असं वाटतं. पण जुन्या वायरिंगमध्ये तिसऱ्या भोकाला तार जोडलेलीच नसते. मग एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) फिल्टरमधल्या कपॅसिटरमुळे कॅबिनेटवर ११५ व्होल्टच्या आसपास दाब येतो. बोटांना मुंग्या येतात त्या यामुळेच. आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. खात्री नसेल तर पीसीची पॉवर केबल पूर्ण काढा आणि स्ट्रॅपची क्लिप कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला लावा. तुम्ही, कॅबिनेट आणि मदरबोर्ड विजेच्या एकाच पातळीवर असणं महत्त्वाचं. पिन लावलेली आणि स्विच चालू असेल तर पीसी बंद असूनही बोर्डावर ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा असतो, हेही लक्षात ठेवा.

स्ट्रॅप बाहीवर बांधू नका, कातडीला घट्ट टेकला पाहिजे. वायरलेस स्ट्रॅप घेऊच नका. वायर नाही तर साठलेला चार्ज जाणार कुठून? स्ट्रॅपमध्ये साधारण १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो, तो तुमच्या जिवासाठी आहे. त्याऐवजी उघडी तार मनगटाला गुंडाळण्याचा जुगाड कधीच करू नका.

रॅमचे सोनेरी कॉन्टॅक्ट खोडरबरने घासायची सवय दुकानांतही दिसते. घासण्यानेच चार्ज तयार होतो, वर मुलामा झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारं कापड वापरा. प्लॅस्टिकचा टूथब्रश आणि घरचा व्हॅक्यूम क्लीनरही दूर ठेवा.

बोर्ड थर्माकोलवर ठेवू नका. सुटे भाग ज्या चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीत येतात तिच्यावर ठेवणंही चूकच, कारण ती आतल्या वस्तूला वाचवते, तीही तोंड बंद असेल तरच. गुलाबी अँटिस्टॅटिक पिशवी स्वतः चार्ज धरत नाही, पण बाहेरचा झटका अडवत नाही.

बिघाड लगेच दिसेलच असं नाही. चिप अर्धवट दुखावते, काही आठवडे चालते, मग पीसी मधूनच हँग होऊ लागतो. तरी लगेच स्टॅटिकला दोष देऊ नका. रॅम काढून पुन्हा नीट बसवा, मग रॅमची एकेक स्टिक लावून मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवा. एकाच स्टिकवर, वेगवेगळ्या स्लॉटमध्येही चुका दिसल्या तर ती बदलावीच लागेल, दुरुस्ती होत नाही. वॉरंटीत परत पाठवतानाही ती चंदेरी पिशवीतच घाला, नाहीतर वाटेत नवा बिघाड होऊन मूळ दोष सापडणं कठीण होतं.