जुनं आर्केड कॅबिनेट मूळ रूपात कसं आणावं

बंद पडलेल्या गेम पार्लरच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं उभं असलेलं कॅबिनेट घरी आलं की पहिली ओढ एकच असते: प्लग लावून बघू या, चालतंय का. ही ओढ आवरा. चाळीस वर्षांत पॉवर सप्लायमधले कंडेन्सर सुकलेले असतात, उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात, आणि फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणीतरी त्या जागी तांब्याची तार गुंडाळून ठेवलेली असते. अशा मशीनला थेट वीज दिली आणि एखादी खास त्या गेमसाठी घडवलेली चिप जळाली, तर तिची जागा घ्यायला दुसरं तसलंच मशीन मोडावं लागतं.

दुसरी ओढ सगळं घासूनपुसून नवंकोरं करण्याची असते, आणि तिनेही पहिलीइतकीच मशीनं वाया गेली आहेत. मूळ रूपात आणायचं म्हणजे कारखान्यातून निघताना त्यावर जो रंग होता, जे स्विच होते, जी चित्रं होती, त्यातलं आज जेवढं शिल्लक आहे तेवढं वाचवायचं, आणि जे गेलंच आहे तेवढंच नव्याने घालायचं. पुढे प्रत्येक टप्प्यावर स्वतःला विचारत राहा: हे वाचतंय का? वाचत असेल, तर बदलू नका.

आधी ओळख पटवा

मशीनच्या दर्शनी रूपावर विसंबू नका. एखाद्या गेमची कमाई घटली की पार्लरवाले कॅबिनेट तेच ठेवून आतला गेमचा सर्किट बोर्ड, वरची मार्की (गेमच्या नावाची उजळणारी पाटी) आणि स्टिकर तेवढे बदलत. १९८५ मध्ये ‘जामा’ ही ५६ पिनांची प्रमाणित जोडणी आली आणि हे काम आणखी सोपं झालं. त्यामुळे बाहेरून एक गेम आणि मुळात भलताच, असं सर्रास आढळतं. मागच्या बाजूची सिरीयल नंबरची पट्टी शोधा. मॉनिटरच्या सांगाड्यावर आणि बोर्डवर नंबर असतील तर तेही लिहून घ्या आणि पट्टीशी ताडून पाहा. बाजूच्या फळीचा आकार आणि आतल्या भिंतीवरचे जुने छापील कागद यांवरूनही बरंच कळतं.

ही ओळख चुकली की नुकसान कसं होतं, त्याचं उदाहरण म्हणजे ‘डाँकी काँग’. निन्टेन्डोने १९८१ मध्ये अमेरिकेत हा गेम आणला तेव्हा सुरुवातीची मशीनं ‘रडार स्कोप’ या न खपलेल्या गेमच्या लाल कॅबिनेटमध्ये बसवली होती. नेहमीची निळी कॅबिनेट नंतर आली. लाल ‘डाँकी काँग’ हाती आलं आणि ‘कुणीतरी चुकीचा रंग दिलाय’ असं समजून ते निळं करून टाकलं, तर दुर्मीळ मशीन आपल्याच हाताने घालवलं.

ओळख पटली की फोटो काढा. शंभर फोटोही कमीच पडतात. प्रत्येक कनेक्टर सोडवण्याआधी दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, मास्किंग टेपवर नाव लिहून त्याला चिकटवा, आणि प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत ठेवा. बाजूच्या चित्रांचे फोटो मोजपट्टी शेजारी धरून काढा आणि रेषा पातळ कागदावर गिरवून घ्या. पुढे रंग द्यायची वेळ आली तर हा कागदच स्टेन्सिल होतो.

वीज

प्लगला हात लावण्याआधी मागची पट्टी वाचा. जपानी मशीन १०० व्होल्टचं असतं, अमेरिकन ११५ ते १२० व्होल्टचं. आपल्याकडे २३० असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, किंवा आतल्या ट्रान्सफॉर्मरवर २३०चा टॅप असेल तर तो वापरता येतो. अर्थिंगची तिसरी पिन कापलेली असेल तर पूर्ण केबलच बदला. मूळ रूपाचा आग्रह इथे धरायचा नाही. फ्यूज छापील आकड्याचेच घाला आणि फ्यूजच्या चिमट्यांवरची काळपट पुटं साफ करा.

आता बोर्ड आणि मॉनिटर यांच्या जोडण्या काढून ठेवा आणि पॉवर सप्लाय एकटाच तपासा. तो १०० वॅटचा साधा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावून सुरू करा. एलईडी इथे चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच लख्ख जळत राहिला तर आत शॉर्ट आहे. जुन्या अटारी मशीनमध्ये तळाशी एक जाडजूड निळा फिल्टर कंडेन्सर असतो. शौकीन त्याला ‘बिग ब्लू’ म्हणतात. तो हमखास थकलेला असतो आणि बदलावाच लागतो.

बोर्डला लागणारे ५ व्होल्ट सप्लायपाशी मोजू नका, बोर्डवर मोजा. मधल्या वायरीत आणि गंजलेल्या पिनांत व्होल्टेज गळतं. बोर्डवर ५.० ते ५.१ मिळायला हवेत. ५.२५च्या वर गेलात की चिपांच्या जिवावर बेतलं. आणखी एक पथ्य: काही बोर्ड स्वतःचं डीसी स्वतःच बनवतात. मिडवेच्या ‘पॅक-मॅन’ बोर्डला ट्रान्सफॉर्मरमधून थेट कमी व्होल्टचा एसी जातो, आणि तो जोरकस प्रवाह वाहणाऱ्या पिनाच करपलेल्या सापडतात. ‘सगळ्यांना चालतो’ म्हणून आणलेला तयार स्विचिंग सप्लाय अशा बोर्डला डोळे झाकून जोडू नका.

पिक्चर ट्यूब: इथे जिवाशी गाठ आहे

चालू असताना रंगीत ट्यूबच्या अॅनोडवर (रबरी टोपीखालच्या धातूच्या जोडणीवर) वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि प्लग काढल्यानंतरही ट्यूब चार्ज धरून ठेवते. तो चार्ज उतरवण्याचं काम पूर्वी केलेलं नसेल तर जुने टीव्ही दुरुस्त केलेला मेकॅनिक गाठा. त्यात कमीपणा नाही.

स्वतः करणार असाल तर प्लग काढा आणि अंगावरचं घड्याळ, अंगठ्या उतरवा. चांगल्या इन्सुलेशनची लांब मूठ असलेला चपटा स्क्रूड्रायव्हर घ्या. त्याच्या दांडीला वायरचं एक टोक क्लिपने जोडा आणि दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवरून गेलेल्या उघड्या विणलेल्या अर्थच्या तारेला. एक हात खिशात ठेवा. दुसऱ्या हाताने स्क्रूड्रायव्हरचं टोक रबरी टोपीखाली आत सरकवा, धातूच्या आकड्याला टेकेपर्यंत. ‘टक’ असा आवाज येईल, कधी येणारही नाही. पाच मिनिटं थांबून पुन्हा तेच करा, कारण थोडा चार्ज परत साठतो. ट्यूब उचलताना मागची बारीक मान कधीही धरायची नाही. ती तडकली की आतली पोकळी गेली, ट्यूब संपली.

चित्र थरथरतंय, वाकडं येतंय किंवा काठ आत ओढले गेलेत, तर बहुतेक वेळा मॉनिटरच्या चासीवरचे (त्याच्या सर्किट बोर्डवरचे) कंडेन्सर सगळे एकदम बदलले की काम होतं. त्याच वेळी फ्लायबॅक (ट्यूबला उच्च दाब देणारा ट्रान्सफॉर्मर) आणि कनेक्टरच्या पिनांभोवती ड्राय सोल्डर, म्हणजे तडकलेले टाके, शोधा. बारीक गोल चीर दिसते. चासी मेन्सपासून वेगळी नसेल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असल्याशिवाय मॉनिटर सुरू करू नका.

काचेवर भुलभुलैयाची सावली कायमची उमटलेली असेल तर ती जात नाही. तरीही ट्यूब काढून एलसीडी बसवायला माझा ठाम विरोध आहे. हे गेम सेकंदाला सुमारे १५,७०० रेषा आखणाऱ्या पडद्यासाठी रंगवले गेले. १९७९चा ‘अॅस्टरॉइड्स’ तर व्हेक्टर पडद्यावर चालतो. त्यात किरण थेट रेषा ओढतो आणि गोळीचा ठिपका डोळ्यांत टोचेल इतका तेजाळ दिसतो. ते तेज एलसीडीवर येत नाही.

लाकूड

सगळ्यात जास्त मार तळाला बसलेला असतो. पार्टिकल बोर्डमध्ये ओल मुरली की तो पावासारखा फुगतो. कॅबिनेट आडवं करून आठवडा-दोन आठवडे सावलीत वाळू द्या. मग फुगलेल्या थरांत सिरिंजने लाकडाचा गोंद भरा, दोन्हीकडून प्लास्टिक लावलेल्या सपाट फळ्या ठेवून क्लॅम्प आवळा आणि चोवीस तास हात लावू नका. तुटलेला कोपरा दोन भागांच्या फिलरने उभारता येतो. नंतर लावलेल्या कुलपांची, जादा बटणांची भोकं असतील तर त्यात नुसती लांबी (पुट्टी) भरू नका, ती कालांतराने खचते. आधी लाकडी खुंटी गोंदाने बसवा, ती समतल कापा आणि वर लांबीचा हात द्या. फळीचा तुकडा बदलावाच लागला तर मूळ जाडी मोजून तेवढ्याच जाडीचा घ्या, नाहीतर कडेची टी-मोल्डिंग (खाचेत बसणारी प्लास्टिकची पट्टी) बसणार नाही. ती पट्टी रबरी हातोडीने ठोकत न्या आणि तीव्र वळणावर तिचा आतला काटा त्रिकोणी कापा.

बाजूची चित्रं

माझ्या पहिल्या कॅबिनेटच्या दोन्ही बाजू कुणीतरी काळ्या रंगवल्या होत्या. मी ८० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन बसलो. तासाभराने धूळ पिवळी व्हायला लागली, आणि काळ्याखाली कारखान्यातलं स्टेन्सिल अख्खं होतं हे तेव्हा कळलं. एका बाजूचं चित्र माझ्या हातून गेलं. आजही ती बाजू बघितली की पोटात तुटतं.

म्हणून बाजूला रंग दिसला तर मागच्या खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा निवडा. हीट गन मंद ठेवून फूटभर अंतरावरून फिरवा. वरचा थर थोडा मऊ झाला की प्लास्टिकचा पत्रा जवळजवळ आडवा धरून हळूच सरकवा. नशीब असेल तर सापाने कात टाकावी तसा वरचा थर सुटतो आणि खालून जुनी रेषा दिसते. उरलेले डाग जरासं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने टिपा. प्रत्येक पुसण्यानंतर फडकं बघा: त्यावर खालचा रंग आला की थांबा. दिवसाला वीतभर जागा झाली तरी पुष्कळ. मास्क लावा आणि खिडक्या उघड्या ठेवा.

चित्र वाचलं असेल तर ओरखडे असू द्या. निम्म्याहून जास्त गेलं असेल तरच गिरवलेल्या कागदावरून पुन्हा रंगवा. रंग जुळवताना मार्कीच्या पट्टीखाली झाकलेला, ऊन न लागलेला भाग बघा. खरी छटा तिथे असते.

मार्कीची छपाई मागच्या बाजूला असते आणि ती पापुद्र्यासारखी सुटते. त्या बाजूला फक्त कोरडा मऊ ब्रश चालवा. पाणी नको, टेप तर नकोच. मागची फ्लुरोसंट ट्यूब बदलून एलईडी लावली तर माझी हरकत नाही. उष्णता कमी होते, छपाई टिकते, आणि हवं तेव्हा पूर्ववत करता येतं.

बटणं आणि जॉयस्टिक

त्या काळच्या बऱ्याच बटणांखाली लीफ स्विच असतात: दोन लवचिक पाती, दाबलं की टेकतात. मेलेल्या बटणांपैकी बरीचशी फक्त मळलेली असतात. कार्डाची बोटभर पट्टी कापा, टोक अल्कोहोलमध्ये बुडवा, पात्यांमध्ये घाला, बोटाने हलकेच दाबा आणि ओढा. पट्टीवर काळी रेघ उमटते. तीन-चार वेळा केलं की रेघ फिकी पडते आणि बटण बोलायला लागतं. घासायला कानस कधीही नको, टोकावरचा मुलामा निघून जातो. मग पाती किंचित वाकवून फट जुळवा. बटण थोडं दाबताच ती टेकली पाहिजेत, पण मशीनला धक्का बसल्यावर आपोआप नको. लीफच्या जागी मायक्रोस्विच घातले तर मूळ मशीनमध्ये कधीच नसलेला ‘कट कट’ आवाज सुरू होतो.

जॉयस्टिक बदलावी लागली तर दिशा मोजा. ‘पॅक-मॅन’ची चार दिशांचीच हवी. आठ दिशांची लावली की वळणावर गफलत होते आणि भुतं गाठतात.

बोर्ड

मऊ ब्रशने धूळ झाडा. कडेचे सोनेरी किंवा करडे संपर्क पांढऱ्या खोडरबराने घासा, मग अल्कोहोलने पुसा. वीज सुरू असताना कनेक्टर काढू-घालू नका. बॅटरी आहे का बघा. विल्यम्सच्या ‘डिफेंडर’मध्ये बोर्डवर तीन पेन्सिल सेल असतात आणि ते गळले की तांब्याच्या रेषा खातात. अल्कलाइन गळतीवर पांढरं व्हिनेगर लावून ती शमवा, मग धुवा आणि नवे सेल वायरने बोर्डपासून लांब ठेवा. कॅपकॉमच्या ‘सीपीएस-२’ बोर्डची बॅटरी मात्र हौसेने काढू नका. तिच्या जोरावर गेमचा सांकेतिक प्रोग्रॅम उलगडणाऱ्या किल्ल्या जिवंत असतात, बॅटरी मेली की गेम उघडत नाही.

ज्या चिपांवर काचेची गोल खिडकी आहे त्या ईप्रॉम, म्हणजे गेमचा प्रोग्रॅम साठवणाऱ्या चिपा. अतिनील प्रकाशाने त्या पुसल्या जातात, म्हणून खिडकीवरचं स्टिकर निघालं असेल तर लगेच झाका. जमल्यास ईप्रॉम प्रोग्रॅमर या यंत्रावर वाचून प्रत जपून ठेवा. चिप परत बसवताना खाच फोटोशी ताडा.

पुन्हा जोडताना

मॉनिटर, वायरिंग, कंट्रोल पॅनेल या क्रमाने बसवा आणि बोर्ड सगळ्यात शेवटी. तो लावण्याआधी रिकाम्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा, लावल्यावर पुन्हा मोजा, आणि अर्ध्या तासाने मशीन गरम झाल्यावर तिसऱ्यांदा मोजा. मशीनमध्ये सेल्फ-टेस्ट असेल तर तो चालवून रॅम, रॉम आणि प्रत्येक बटण तपासा. रंगांची पातळी टेस्टच्या जाळीवर जुळवा. ब्राइटनेस मागे अंधार राहील इतकाच ठेवा.

काढलेला प्रत्येक जुना भाग, मग तो जळका कनेक्टर असो वा फाटकं स्टिकर, पिशवीत घालून त्यावर तारीख आणि काय बदललं ते लिहा. ती पिशवी कॅबिनेटच्या आत, नाण्यांच्या पेटीमागे खिळ्याला अडकवून ठेवा.