मोठ्या कुत्र्याला दुसरा कुत्रा चावला? या चुका टाळा

"एवढो मोठो कुत्रो, तेका काय होताला?" मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही वाडीत जर्मन शेफर्ड, लॅब्रेडॉर नाहीतर रॉटवायलर पाळणाऱ्याने हे वाक्य ऐकलेलं असतं. भटक्या कुत्र्यांनी घेरलं, झोंबाझोंबी झाली, तरी असा कुत्रा आपल्या पायांनी अंगणात येतो, पाणी पितो, शेपूटही हलवतो. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोच कुत्रा पडवीच्या कोपऱ्यात तापाने फणफणत पडलेला असतो आणि मानेवर पू भरलेली गाठ आलेली असते. मोठ्या कुत्र्याच्या बाबतीतल्या बहुतेक चुका त्याच्या आकारावर विसंबल्याने होतात. आधी जखमेकडे दुर्लक्ष होतं, आणि पुढे तो बिथरला की त्याला ताकदीने आवरायची धडपड सुरू होते.

भांडणात हात घालणे

पट्टा धरून ओढायला हात आपोआप पुढे जातो. त्या क्षणी कुत्र्याला हात कुणाचा हे कळत नाही, समोर येईल ते तो धरतो. मालकांना झालेल्या चाव्यांपैकी कितीतरी स्वतःच्याच कुत्र्याचे असतात ते यामुळे. दात रुतलेले असताना ओढलं तर भोकाची चीर होते, म्हणजे जखम आपणच वाढवतो. बादलीभर पाणी, पाण्याच्या नळीचा जोराचा फवारा, अंगावर टाकलेलं गोणपाट, पत्र्यावर काठी आपटून केलेला दणका, यांनी पुष्कळदा पकड सुटते. दोन माणसं असतील तर एकेकाने एकेक कुत्रा, त्याचे मागचे पाय धरून, उचलून मागे न्यावा. एकटे असाल तर हे करू नका, कारण तुम्ही धरून ठेवलेला कुत्रा दुसऱ्याच्या तावडीत आयता सापडतो.

रक्त दिसत नाही म्हणून गप्प बसणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कुत्र्याची कातडी सैल असते. सुळा आत गेला आणि हल्लेखोराने मान झटकली की वरची कातडी सरकते, पण खालचा स्नायू फाटतो आणि आत पोकळी तयार होते. बाहेर जेमतेम दिसेल एवढं भोक राहतं आणि ते काही तासांत मिटूनही जातं. दातांवरचे जंतू, माती आणि केस आतच कोंडले जातात. दाट केसांच्या कुत्र्यात तर भोक दिसतही नाही.

म्हणून त्याच दिवशी, दिवस मावळला असला तरी, बॅटरी घेऊन बसा. केस उलट्या दिशेने सारत बोटांच्या टोकांनी सगळं अंग चाचपा. मान, कानामागची जागा, काख, कोपराच्या मागे छातीची बाजू, मांडीची आतली बाजू आणि वृषण या जागा मुद्दाम पाहा. एखाद्या ठिकाणी केसांचा झुबका ओला नि चिकट लागतो. तो बाजूला केला की कातडी निळसर-जांभळी दिसते आणि मधे बारीक छिद्र असतं. चावा वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही जबड्यांचा असतो. त्यामुळे एक भोक सापडलं की त्याची जोडी पलीकडच्या बाजूला शोधायचीच. सापडलेल्या प्रत्येक भोकाभोवतीचे केस कातरा आणि सगळ्या जखमांचे फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना उपयोग होतो.

चाचपताना कातडीखाली चुरचुर जाणवली तर तिथे हवा शिरली आहे. मानेवर किंवा छातीवर असं लागलं तर श्वासनलिकेला किंवा फुप्फुसाला इजा झालेली असू शकते, तेव्हा सकाळची वाट पाहू नका. मग ओठ उचलून हिरडी बोटाने दाबा. पांढरी पडून सुमारे दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरड्या मुळातच काळ्या असतील तर खालच्या पापणीची आतली बाजू बघा. स्वस्थ पडलेला मोठा कुत्रा मिनिटाला साधारण १० ते ३० वेळा श्वास घेतो. विसावल्यावर अर्ध्या तासानेही धाप कमी होत नसेल, हिरड्या फिक्या असतील, पोट फुगत किंवा दुखत असेल, डोळ्याला लागलं असेल, छाती-पोटावर एक जरी भोक असेल, तर त्याच रात्री दवाखाना.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी ठेवून सलग पाच मिनिटं दाबा. थांबलं का म्हणून कापड उचलून पाहायचं नाही. भिजलं तर त्यावरच दुसरी घडी ठेवा. पायाला दोरी आवळून बांधू नका.

हळद, चुना, फिनेल आणि समुद्र

हळद आपल्या घरात पवित्र आहे, पण खोल भोकात तिचा लेप भरला की वरचं तोंड बंद होतं आणि पू आत साठतो. शिवाय डॉक्टरांना आधी ते सगळं खरवडून काढावं लागतं. चुना आणि कॉफीची पूड यांचंही तेच. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड जंतूंबरोबर भरून येणारी ताजी पेशीही मारतात. फिनेल, पेट्रोल, रॉकेल यांची तर नावंसुद्धा काढू नका: जखम भाजते आणि कुत्रा ते चाटून पोटात घेतो.

किनाऱ्यावर आणखी एक समज फार पक्का आहे, की समुद्रात डुंबवला की जखम सुकते. समुद्राच्या पाण्यात साधारण ३.५ टक्के मीठ असतं आणि शरीराला मानवणाऱ्या सलाइनमध्ये ०.९ टक्के. म्हणजे जवळजवळ चौपट खारट. वर त्यात वाळू, जंतू आणि जेटीजवळ होड्यांचं तेल. उघड्या जखमेचा कुत्रा पाण्यात नेऊच नये. त्याऐवजी अर्धा लिटर पाणी उकळून थंड करा, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ विरघळवा आणि सुई काढलेल्या सिरिंजने जखमेवर धार सोडा. भोकात नळी खुपसून जोराने पाणी मारू नका, घाण आणखी आत जाते. नंतर पोव्हिडोन आयोडीन पाण्यात घालून फिक्या चहाच्या रंगाचं करावं आणि वरून लावावं. दवाखान्यात पोचेपर्यंत एवढं पुरे.

दुखतंय म्हणून घरातली गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या जठराला अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृतावर उलटू शकतं. "मोठा आहे, माणसाएवढं वजन आहे" हा हिशेब इथे चालत नाही.

पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, आपल्याकडे आणखी एक संकट असतं: किडे. दमट हवेत उघड्या जखमेवर माशी बसली की अंडी घालते आणि एका दिवसाच्या आत अळ्या निघतात. जखम सकाळ-संध्याकाळ पाहा. एकदम कुजका वास येऊ लागला, कुत्रा तीच जागा सारखी चावू लागला, तर केस सारून आत बघा. अळ्या दिसल्या तर त्या काढणं आणि औषध घालणं हे डॉक्टरांचं काम. जखमी कुत्र्याला गोठ्याशेजारी किंवा मासळी साफ करायच्या जागेजवळ ठेवू नका.

उचलताना आणि नेताना

दुखणारा कुत्रा कितीही मायाळू असला तरी चावू शकतो. मऊ सुती पट्टीचा फास नाकाडावर सरकवा, खालून वळसा घेऊन टोकं कानांमागे बांधा. धाप लागली असेल, उलट्या होत असतील किंवा छातीला लागलं असेल तर मात्र तोंड बांधू नका. पस्तीस-चाळीस किलोचा कुत्रा काखेत हात घालून उचलला की त्याचा कणा लोंबकळतो. जाड चादर किंवा घोंगडी त्याच्या खाली सरकवा आणि चौघांनी चार कोपरे धरा. पाठीला मार असल्याची शंका असेल तर प्लायवूडची फळी घ्या. वाटेत खायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.

निघण्याआधी फोन करा. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर अनेकदा गाय अडली म्हणून कुठल्यातरी गावात गेलेले असतात. एक्स-रे आणि भूल देण्याची सोय आहे का, हे आधीच विचारलं तर एक फेरी वाचते. १९६२ या पशुसेवेच्या टोल फ्री क्रमांकावरही विचारता येतं, पण गंभीर जखमेत पथकाची वाट पाहत घरी थांबू नका. वजन खरं सांगा. औषधाची मात्रा किलोवर ठरते, आणि मोठ्या कुत्र्याच्या वजनाचा अंदाज हमखास चुकतो.

डॉक्टरांनी काही भोकं मुद्दाम उघडी ठेवली, नळी घातली, तर "सगळ्याला टाके घाला" असा हट्ट धरू नका. पू बाहेर पडायला ती वाट हवी असते. कुत्रा चाटून जखम बरी करतो हेही खरं नाही. तो टाके उसवतो आणि जंतू आत नेतो. गळ्यातला कोन (चाटू नये म्हणून घातलेली नरसाळ्यासारखी कॉलर) त्याला कितीही नकोसा झाला तरी काढू नका, आणि प्रतिजैविकांचा कोर्स मधेच सोडू नका.

रेबीजचं नंतर पाहू म्हणणे

लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर उपचार नाही. तुमच्या कुत्र्याचं वार्षिक लसीकरण झालेलं असलं तरी चावा झाल्यावर लगेच बूस्टर घ्यायचा. लस झालेलीच नसेल तर पूर्ण मालिका घ्यावी लागते, तारखा डॉक्टर लिहून देतात. चावणारा कुत्रा कुणाचा असेल तर लसीचं कार्ड मागा. तो दहा दिवस नजरेखाली राहील असं पाहा. चावणारा कोल्हा असेल तर रेबीज गृहीत धरूनच चालायचं.

आणि स्वतःचे हात! हल्लेखोराची लाळ तुमच्या कुत्र्याच्या केसांवर लागलेली असते. तुमच्या बोटावर नारळ सोलताना झालेलं खरचटणं असेल तर धोका तुम्हालाही आहे. जखमा तपासताना हातमोजे घाला. हात लागलेच असतील तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सगळं सांगा.

रागाच्या भरात भटक्या कुत्र्यांना विष घालणारे लोक आहेत. तो गुन्हा आहे, आणि ते विष तुमच्याच कुत्र्याच्या, शेजाऱ्याच्या मांजराच्या पोटात जातं. ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे निर्बीजीकरण आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे.

जखम भरली, आता पूर्वीसारखा होईल असं धरून चालणे

कातडी दोन-तीन आठवड्यांत भरते, भीती तेवढ्यात जात नाही. पहिली चूक साखळीची. हल्ला झाला म्हणून कुत्र्याला अंगणात बांधून ठेवतात आणि तीच भटकी टोळी बेड्याबाहेर, म्हणजे अंगणाच्या फाटकाबाहेर, येऊन भुंकते. त्याला पळता येत नाही, लपता येत नाही. काही दिवस तो घरात किंवा बंद पडवीतच बरा.

तो दुसऱ्या कुत्र्याला पाहून गुरगुरू लागला तर त्याला दटावू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती बंद पाडली की पुढे तो न सांगता चावतो, आणि एवढ्या मोठ्या कुत्र्याचा न सांगता केलेला चावा कुणालाच परवडत नाही. भीती मोडायची म्हणून शेजारच्या कुत्र्यासमोर नेऊन उभा करणं तर क्रूरच. समोरून कुत्रा येताना दोरी गच्च आवळली तरी संकट आल्याचा निरोप हातातून त्याच्यापर्यंत पोचतो. त्याला थोपटलं, जवळ घेतलं तर भीती वाढेल असंही नाही. खुशाल जवळ घ्या.

त्याला खरी गरज असते ती अंतराची, आणि आपल्या गावांत तीच मिळत नाही. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे आणि मधे जेमतेम बैलगाडीची वाट. समोर कुत्रा आला की मागे फिरण्यावाचून मार्ग नसतो. असल्या पाणंदी सध्या टाळा. भरती-ओहोटीच्या वेळा बघून ओहोटीला किनाऱ्यावर जा. रुंद पुळणीवर शंभर-दीडशे पावलं दूर सरता येतं, भरतीला तीच पुळण अरुंद पट्टी होते. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायची किंवा मासळीच्या लिलावाची वेळ असेल तर घरीच थांबा, कारण गावातली सगळी कुत्री तिथे जमलेली असतात.

दूरवर कुत्रा दिसतो आहे आणि तुमचा अजूनही खाऊ घेतो आहे, ते त्याचं आजचं अंतर. तिथे थांबा. समोरचा कुत्रा दिसताक्षणी बिनमिठाच्या उकडलेल्या कोंबडीचा तुकडा द्या, तो नजरेआड झाला की देणं बंद. खारवलेली सुकी मासळी देऊ नका, मीठ फार असतं. अंतर काही दिवसांनी थोडं थोडं कमी करा. खाऊ नाकारला, अंग ताठ झालं, नजर खिळली, की तुम्ही जास्त जवळ आलात. दूर सरा आणि दुसऱ्या दिवशी मागच्या अंतरापासून सुरू करा.

मानेला चावा असेल तर गळपट्टा नको, चोक चेन तर नकोच. छातीवरून येणारा हार्नेस वापरा. दोरी मनगटाला गुंडाळू नका, अचानक झेप घेतली तर मनगट मोडेल. भटकी कुत्री जवळ आली तर काठी उगारण्यापेक्षा छत्री झटकन उघडून मधे धरा आणि सावकाश मागे सरका. मात्र छत्री उघडण्याची सवय आपल्या कुत्र्याला आधी घरात करून द्या.

घरात दुसरा कुत्रा असेल तर दवाखान्यातून आल्यावर दोघांना लगेच एकत्र सोडू नका. औषधांचा वास आणि कोन यांमुळे जुना सोबतीही त्याच्यावर धावून जाऊ शकतो.

महिना-दीड महिना असं केल्यावरही तो हात लावू देत नसेल, पायऱ्या चढायला कचरत असेल, उठताना कण्हत असेल, तर शिकवणुकीत कमी पडलात असं धरू नका. मोठ्या कुत्र्याच्या मानेत, खांद्यात किंवा खुब्यात झटापटीत बसलेला हिसका नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. डॉक्टरांना सांध्यांची तपासणी आणि गरज वाटली तर एक्स-रे करायला सांगा, आणि दुखणं थांबेपर्यंत कुत्र्यांच्या जवळ नेण्याचा सराव बंद ठेवा.