न्यू जर्सीतलं घर स्प्रिंगमध्ये विकायचंय? मग जानेवारीतच कामाला लागा

मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे गेलं की आमच्या सेंट्रल जर्सीत लॉनवर फॉर सेलच्या पाट्या उगवायला लागतात. कारण साधं आहे, इथे घर घेणारा आधी शाळा बघतो आणि मग घर, आणि सप्टेंबरात शाळा सुरू व्हायच्या आत त्याला बाडबिस्तऱ्यासकट आत शिरायचं असतं, म्हणजे जून-जुलैत क्लोजिंग (घर कागदोपत्री नावावर व्हायचा दिवस), म्हणजे एप्रिल-मेमध्ये ऑफर. आता यातून उलटा हिशोब करत या, तयारी कधी सुरू करायची ते कळेल, आणि त्याचं उत्तर ‘पाडवा झाला की बघू’ हे नाहीये. आम्ही तेच म्हणालो होतो. १४ वर्षं राहिलेलं १९७४ चं बाय-लेव्हल (दार उघडलं की अर्धा जिना वर आणि अर्धा खाली असलेलं) घर विकायला काढलं, पहिलं वर्ष नुसतं पळापळीत गेलं आणि जमलेलं डीलही मोडलं, दुसऱ्या वर्षी जानेवारीपासून शिस्तीत बसलो तेव्हा कुठे काम झालं. एडिसन, पिस्कॅटवे, साउथ ब्रन्सविक अशा आपली माणसं भरपूर असलेल्या टाउनांतल्या घरांना हे सगळं लागू पडेल, बाकी राज्यांत कायदे वेगळे असतील पण हळदीचा डाग सगळीकडे सारखाच.

जानेवारी: आधी कागद, रंगबिंग नंतर

घर विकायचं म्हटलं की सगळ्यांचा हात आधी पेंटच्या शेडकार्डाकडे जातो. थांबा. आधी टाउनशिपकडून आपल्या पत्त्यावरच्या सगळ्या परमिटांची यादी मागवा. याला ओप्रा रिक्वेस्ट म्हणतात, टीव्हीवाल्या बाईंचा काही संबंध नाही, ओपन पब्लिक रेकॉर्ड्स कायद्याचं ते लघुरूप आहे आणि तो अर्ज कोणीही करू शकतं, म्हणजे समोरच्या पार्टीचा वकीलसुद्धा.

आमचं तिथेच फसलं. बेसमेंट फिनिश करताना ओळखीतला कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, ‘परमिट कशाला, उगाच टॅक्स वाढेल’, आणि आम्हीही मान डोलावली. पहिल्या वर्षी ऑफर आली, छान आली, आणि मग त्यांच्या वकिलाने यादी मागवली. यादीत छप्पर होतं, वॉटर हीटर होता, बेसमेंट नव्हतं. गेले ते परत आलेच नाहीत. मग झालेल्या कामाचं मागाहून परमिट काढायला बसलो, इन्स्पेक्टरने आतली वायरिंग बघायला तीन ठिकाणी शीटरॉक (भिंतीची जिप्समची पाटी) कापायला लावलं, ते परत भरा, परत रंगवा. एकूण दगदग बघता त्या वाचवलेल्या टॅक्सची आठवण काढायचीही इच्छा राहिली नाही. परमिट काढलं पण शेवटचं इन्स्पेक्शन राहून गेलं असंही बऱ्याच घरांत असतं, डेक (घरामागचा लाकडी ओटा), सेंट्रल एसी वगैरे, ते उघडं परमिट आत्ताच बंद करून घ्या. आणि बेसमेंटमधल्या खोलीला बाहेर पडता येईल एवढी खिडकी नसेल तर तिला बेडरूम म्हणून मिरवू नका, ऑफिस म्हणा.

दुसरी गोष्ट तेलाची टाकी. जुन्या घरांत हीटिंग तेलावर चालायचं, नंतर गॅस आला आणि टाकी अंगणात तशीच पुरलेली राहिली, नवीन मालकाला पत्ताही नसतो. खरेदीदार टँक स्वीप, म्हणजे पुरलेल्या टाकीचा यंत्राने शोध, करतोच, त्याच्या आधी आपण करून घ्यावा, कारण ती गळकी निघाली तर माती उपसण्यापर्यंत प्रकरण जातं आणि मे महिन्यात, डील चालू असताना, ते कळणं परवडत नाही.

डिस्क्लोजर फॉर्मही शांतपणे बसून भरा. ऑगस्ट २०२४ पासून न्यू जर्सीत विकणाऱ्याला घराच्या स्थितीचा फॉर्म देणं सक्तीचं झालंय, पूर आणि पाणी शिरण्याबद्दलचे प्रश्नही त्यात आहेत. आयडा वादळात, २०२१ साली, तुमच्या बेसमेंटमध्ये पाणी आलं होतं ना, मग लिहा. नंतर काय केलं, संप पंप (बेसमेंटमधलं पाणी बाहेर फेकणारा) बसवला का, तेही लिहा आणि पावत्या जोडा. शेजारी सांगणारच आहेत, त्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं. घर १९७८ च्या आधीचं असेल तर लेड पेंटचा (शिसं असलेल्या जुन्या रंगाबद्दलचा) कागद वेगळा.

फेब्रुवारी: वास

यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण एजंट यावर अवघडून गप्प बसतात.

आपल्याला आपल्या घराचा वास येत नाही. चार दिवस कुठेतरी जाऊन या, परत आल्यावर दार उघडताना पहिल्या दहा सेकंदांत जो वास येतो तोच खरेदीदाराला येणार. आमच्याकडे तो जुन्या फोडणीचा होता. हिंग-मोहरी-कढीपत्त्याने एरवी भूक खवळते, पण तीच फोडणी १४ वर्षं भिंतीत मुरली की तिला एक खवट झाक येते, आणि गंमत म्हणजे सगळ्यात आधी नाक मुरडतात ते आपलेच लोक, घरी रोज तेच शिजत असलं तरी.

मुळात इथल्या बऱ्याच घरांत शेगडीवरच्या मायक्रोवेव्हचा पंखा हवा बाहेर टाकतच नाही, जाळीतून फिरवून परत आपल्याच तोंडावर सोडतो. मग ती तेलकट वाफ जाणार कुठे, सीलिंगवर आणि कॅबिनेटच्या डोक्यावर. एकदा स्टुलावर चढून वरच्या कॅबिनेटवरून बोट फिरवा. आमच्या बोटाला काळपट, चिकट, धुळीचे केस अडकलेला थर आला, जुन्या गुळाच्या ढेपेसारखा, चमच्याने खरवडावा लागला.

क्रम असा ठेवा. आधी जाळ्या काढून गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणात भिजत घाला, फारच गेल्या असतील तर नवीन आणा, स्वस्त असतात. मग सीलिंग, भिंती, कॅबिनेट हे सगळं तेल काढणाऱ्या क्लीनरने धुवा, नीट सुकू द्या, त्यावर डाग अडवणारा प्रायमर आणि मगच रंग. आम्ही शहाणपणा करून धुतल्याशिवायच रंग मारला होता, दोन आठवड्यांत शेगडीच्या बरोब्बर वर पिवळट चंद्र उगवला. पडदे धुवा किंवा सरळ काढून टाका, उजेडही वाढतो. कार्पेट शॅम्पू करून वास जात नसेल तर बदला. फर्नेसचा फिल्टर बदला. आणि कोट क्लोजेट विसरू नका, पाहुणा म्हणून आलेल्याला तिथला वास येत नाही पण घर बघायला आलेला माणूस प्रत्येक दार उघडतो.

काउंटरवरच्या हळदीच्या डागांना खायच्या सोड्याची पेस्ट लावून ठेवा, घासायची घाई नको. खिडकीजवळचे डाग उन्हानेच फिके होतात, हळद उन्हाला घाबरते, आपल्या आया डाग पडलेला शर्ट उन्हात टाकायच्या ते उगीच नाही.

हे सगळं झाल्यावर एक करार, घर लिस्ट झाल्यापासून सौदा पक्का होईपर्यंत घरात फोडणी नाही. आम्ही डेकवर इंडक्शनची शेगडी मांडली होती, एप्रिलच्या गार वाऱ्यात जॅकेट घालून पिठलं केलंय. उदबत्ती आणि प्लगमधले सुगंधी प्रकार दोन्ही नको, लोकांना वाटतं हे काहीतरी झाकतायत.

मार्च: पसारा

थोडक्यात, अर्धं घर बाहेर काढा. वीस पाउंडी तांदळाच्या बॅगा, इंडियाहून आणलेले आणि कधीच न वापरलेले स्टीलचे डबे, ‘मायक्रोवेव्हचा खोका असू दे, लागेल’ म्हणून ठेवलेला खोका. टाउनचा बल्क पिकअप कधी असतो ते बघून ठेवा, सोफा-गाद्या त्या दिवशी जातात. उरलेलं दोन महिन्यांसाठी भाड्याच्या स्टोरेजमध्ये. गराजमध्ये सगळं कोंबून ‘झालं’ म्हणू नका, गराजमध्ये गाडी मावते हे दिसायला हवं.

देव्हाऱ्याचं काय, हा प्रश्न प्रत्येक मराठी घरात भांडण लावतो. एजंट म्हणते काढा, आई फोनवर म्हणते देव हलवायचे नसतात. माझं मत विचाराल तर फोटोत नको, आणि शोइंगच्या दिवसांतही नको, पण ते एजंटच्या कारणासाठी नाही. अनोळखी माणसं बूट घालून येतात आणि कपाटं उघडतात, आपल्याच जिवाला लागतं. आम्ही देव तेवढे दिवस बहिणीकडे पाठवले, तुळस गराजच्या खिडकीत. बाकी आपल्या भागात घर ईस्ट फेसिंग असेल तर एजंट ते लिस्टिंगच्या पहिल्या ओळीत टाकते, तिथे तिला बरोबर सगळं कळतं.

किचन नवीन करू का? नको. नव्या मालकाला तुमची टाइल आवडेलच असं नाही आणि घातलेले पैसे पूर्ण परत येतीलच याची खात्री नाही. कॅबिनेटच्या मुठी, नळ आणि दिवे बदला, आणि सगळ्या घरात बल्बचा रंग एकच ठेवा, एका खोलीत पिवळा आणि दुसऱ्या खोलीत हॉस्पिटलसारखा पांढरा असं फोटोत फार वाईट दिसतं.

यंत्रांकडेही याच महिन्यात बघा. फर्नेसची सर्व्हिस करून तारखेचं स्टिकर लावून घ्या. बेसमेंटची रेडॉन (जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू) टेस्ट स्वतः करा, आकडा लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा वर आला तर पाइप आणि पंखा बसवावा लागतो, खरेदीदाराचा इन्स्पेक्टर हे तपासतोच. स्मोक अलार्मचं सर्टिफिकेट टाउनकडून घ्यावं लागतं आणि लोक तिथे फालतू कारणावरून नापास होतात, बॅटरीवरचे अलार्म १० वर्षांच्या सीलबंद बॅटरीचेच हवेत, झोपायच्या खोल्यांपासून १० फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा, आणि किचनपासून १० फुटांत आग विझवायचा सिलिंडर भिंतीला हुकवर टांगलेला हवा. आमचा सिलिंडर सिंकखाली बादलीमागे होता. नापास.

एप्रिल: अंगण

फोर्सिथियाची पिवळी झुडपं फुलली की क्रॅबग्रासचं (लॉनमध्ये माजणाऱ्या तणाचं) औषध टाकायची वेळ झाली असं समजा. पण एक लक्षात ठेवा, ते औषध बी रुजूच देत नाही, कुठलंही बी, म्हणजे तुम्ही त्याच आठवड्यात लॉनचं नवीन बी पेरलंत तर तेही मेलं. मी नेमकं हेच केलं आणि तीन आठवडे रोज सकाळी पाणी घालून लॉनवरच्या टकलाकडे बघत बसलो. टक्कल मोठं असेल तर तेवढ्या जागेपुरतं तयार हिरवळीचे तुकडे आणून अंथरा.

गटर साफ, सायडिंगवरचं हिरवं शेवाळ प्रेशर वॉशने साफ, मेलबॉक्स सरळ, दाराला नवीन रंग. मल्च (झाडाखाली पसरतात तो लाकडाचा चुरा) झाडाच्या बुंध्याभोवती ढीग करून लावू नका, खोड कुजतं. फोटो काढणाऱ्याला घाईने बोलावू नका, उघड्या बोडक्या फांद्यांपेक्षा डॉगवुड फुललेलं अंगण वेगळंच दिसतं, त्यासाठी आठवडाभर थांबावं लागलं तरी थांबा.

किंमत लावताना

घर १० लाख डॉलरच्या आसपास असेल तर जपून. त्यावर गेलं की मॅन्शन टॅक्स लागतो, पूर्वी तो घेणारा भरायचा, १० जुलै २०२५ पासून विकणाऱ्याच्या डोक्यावर आलाय, २० लाखांपर्यंत १ टक्का आणि तोही पूर्ण किमतीवर. म्हणजे १० लाखांच्या थोडंसं वर नेऊन हातात कमीच पडू शकतं. नेहमीची ट्रान्सफर फी वेगळी. फायद्यावरच्या फेडरल टॅक्समध्ये मात्र गेल्या पाचपैकी दोन वर्षं राहिला असाल तर नवरा-बायकोला मिळून ५ लाखांपर्यंत सूट आहे, एकट्याला अडीच. इंडियाला कायमचं परत जाणाऱ्यांनी जायच्या आधी क्लोजिंग करायचा प्रयत्न करावा, कारण राज्य सोडून गेलेल्याकडून न्यू जर्सी क्लोजिंगलाच विक्री किमतीच्या निदान २ टक्के आगाऊ टॅक्स घेते, आणि अमेरिकेचे नॉनरेसिडेंट झालात तर फिर्प्टाखाली (परदेशी मालकाच्या घरविक्रीवरच्या फेडरल कायद्याखाली) साधारण १५ टक्के कापून ठेवतात. रिटर्न भरल्यावर हिशोब होतो, पण तोवर पैसे अडकतात. सीएला फोन करताना लक्षात असू दे की मुंबईचा सीए नव्हे, इथला सीपीए.

लिस्टिंगचा आठवडा

बहुतेक एजंट गुरुवारी लिस्ट करतात, शनिवार-रविवार ओपन हाउस आणि सोमवार-मंगळवारपर्यंत शेवटच्या ऑफर मागवतात. त्या दिवसांत घरात थांबू नका, लोक तुमच्यासमोर मोकळेपणाने बोलत नाहीत. पासपोर्ट, दागिने, औषधं बरोबर घेऊन जा. बाहेर पडताना सगळे दिवे चालू, टॉयलेटची झाकणं बंद, कचरा बाहेर. जाताना पायपुसण्याशेजारी बूट काढायची विनंती चिकटवलीत तरी चालेल, आमच्याकडे निम्म्यांनी ऐकलं.

ऑफर निवडताना नुसता आकडा बघू नका, डाउन पेमेंट किती, इन्स्पेक्शनमध्ये काय सोडायला तयार आहेत, अप्रेझल (कर्ज देणाऱ्या बँकेने करून घेतलेलं घराचं मूल्यांकन) कमी आलं तर फरक भरणार का, हे बघा. आणि सही झाली म्हणून लगेच पेढे वाटू नका. न्यू जर्सीत एजंटने केलेल्या करारावर सही झाली की तीन कामाच्या दिवसांचा अटर्नी रिव्ह्यू असतो, त्यात दोन्हीकडचा कुठलाही वकील करार मोडू शकतो आणि वकील बोलत राहिले तर तो लांबतोही. तोवर मूव्हर्सना ॲडव्हान्स देऊ नका, इंडक्शन डेकवरच राहू द्या. आमचा रिव्ह्यू नऊ दिवस चालला. वकिलाचा ‘झालं’ म्हणून ईमेल आला तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, बायकोने काही न बोलता कढई आत आणली आणि मोहरीचा डबा शोधायला लागली, तो स्टोरेजमध्ये गेला होता.