झोपेची वही: मुलांना दोन आठवडे पुरे, मुलींना पाच हवेत

वसतिगृहात झोपेची तक्रार सगळेच करतात, पण ती सारखी नसते. मुलींचं म्हणणं बहुधा ‘झोप लागत नाही, मध्येच जाग येते’, तर मुलांचं ‘सकाळी उठवत नाही’. निद्रानाश स्त्रियांमध्ये पुरुषांच्या सुमारे १.४ पट आढळतो आणि विशीच्या सुमारास मुलांचं शरीरातलं घड्याळ सहसा मुलींपेक्षा मागे चालतं. म्हणून नोंदी दोघांनीही ठेवाव्यात, पण वाचायच्या मात्र वेगवेगळ्या.

साधी वही घ्या. उठल्यावर अर्ध्या तासात पाच गोष्टी लिहा: अंथरुणावर कधी पडलात, झोप लागायला अंदाजे किती वेळ गेला, मध्ये किती वेळ जागे होतात आणि कशामुळे, जाग कधी आली, अंथरूण कधी सोडलं. रात्री घड्याळ पाहू नका. मिनिटं मोजत बसलं की झोप आणखी लांबते, अंदाज पुरतो. संध्याकाळी शेवटचा चहा-कॉफी, दुपारची डुलकी आणि तंबाखू-सिगारेटची वेळ टिपा. दोन दिवसांचं एकदम आठवून लिहिलेली नोंद निरुपयोगी, त्यापेक्षा ती जागा कोरी सोडा.

आता हिशेब. रात्री ११.३० ते सकाळी ७.३० म्हणजे अंथरुणात ४८० मिनिटं. झोप लागायला ३५, मधली जाग २५, सकाळचं लोळणं ३०, उरली ३९०. ३९० भागिले ४८०, म्हणजे ८१ टक्के. आठवड्याची सरासरी ८५ च्या खाली असेल तर लवकर आडवं होऊन उपयोग नाही. उलट डोळे जड झाल्यावरच अंथरुणावर जा आणि उठण्याची वेळ पक्की ठेवा.

मुलींनी पाळीचा कितवा दिवस हा रकाना जोडावा. एक पूर्ण चक्र हाती लागावं म्हणूनच पाच आठवडे. बीजोत्सर्गानंतर शरीराचं तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंशांनी वाढतं, त्यामुळे पाळीआधीच्या आठवड्यात उकडतं आणि झोप उथळ होते. त्या दिवसांत पातळ चादर घ्या, पंख्याजवळची खाट मागून घ्या. पोटदुखीने जाग येत असेल तर झोपण्याआधीच गरम पाण्याची पिशवी घ्या. दर महिन्याला सहन करण्याची ही गोष्ट नव्हे, डॉक्टरांना दाखवाच. पडल्यावर पायांत वळवळ होऊन ते हलवावेसे वाटत असतील तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. रक्तस्राव जास्त असलेल्या मुलींमध्ये लोह कमी पडणं नेहमीचं आहे. जेवणाबरोबरचा चहा लोह शोषू देत नाही, त्यात तासाभराचं अंतर हवं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर कॅफिन शरीरात जवळपास दुप्पट वेळ टिकतं, म्हणून शेवटचा चहा दुपारीच.

मुलांनी सुट्टीचा दिवस वेगळा काढावा. एरवी झोप १२.३० ते ७, म्हणजे मध्य ३.४५. रविवारी ३ ते ११, मध्य ७. हा सव्वातीन तासांचा फरक सोमवारच्या पहिल्या तासाला डोळे मिटवतो. रविवारी एरवीपेक्षा तासाभराहून जास्त उशिरा उठू नका, उठल्यावर अर्धा तास उन्हात जा, झोपेची वेळ दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं लवकर आणा. ‘काही त्रास नाही’ म्हणणाऱ्याने वर्गात किती वेळा पेंग आली तेही लिहावं. रूममेट मोठं घोरणं, श्वास अडकणं सांगत असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका.

प्रकल्पासाठी मुला-मुलींची तुलना करायची असल्यास झोपेचा दर्जा मोजणारी १९८९ ची पिट्सबर्ग प्रश्नावली सोयीची: १९ प्रश्न, ० ते २१ गुण, ५ च्या वर झोप खराब. मात्र ती सांगणाऱ्याचं मत मोजते. यंत्राने मोजल्यावर मुलींची झोप अनेकदा मुलांइतकी किंवा सरसही निघते, तरी गुण वाईट येतात. त्यांचा त्रास खोटा नसतो. फक्त ‘मुली कमी झोपतात’ असा निष्कर्ष त्या गुणांवरून काढू नका.

आठवड्यात तीन रात्री झोपेचा त्रास, असं तीन महिने चाललं तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. मैत्रिणीकडच्या झोपेच्या गोळ्या घेऊ नका. मन खचलं असेल तर तीन महिने थांबू नका: टेली मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीतही.