ईबुक कादंबरी स्वतः काढताय? लिंक वाटत सुटण्याआधी पुस्तकाचं विक्रीचं पान नीट करा

कादंबरी लिहून झालीय, दोन-तीन वेळा तपासलीय, शुद्धलेखन दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेखालून गेलंय, एवढं मी धरून चालते. नसेल झालं तर आधी ते करा, मग या. मी पुढचं सांगणारेय, म्हणजे फाइल हातात आहे आणि आता ती विकायचीय. बहुतेक सगळे सल्ले इथून थेट उडी मारतात ती मार्केटिंगवर. रोज पोस्ट टाका, रील करा, पन्नास ग्रुपात शिरा. हे सगळं इमानेइतबारे करणारे लेखक मी भरपूर बघितलेत, लोक बिचारे लिंक उघडतातही, पान बघतात आणि परत जातात. का परत जातात हे मात्र कुणी विचारत नाही, उलट अजून दहा ग्रुपात लिंक टाकतात.

उदाहरणाला ॲमेझॉनचं केडीपी (किंडल डायरेक्ट पब्लिशिंग, म्हणजे लेखकाने स्वतः ईबुक काढून विकायची सोय) धरतेय, कारण २००७ सालापासून ते चालू आहे, मराठी पुस्तकं घेतं आणि बहुतेकजण तिथूनच सुरुवात करतात. कोबो, गूगल प्ले, ॲपल बुक्स इकडे बटणं वेगळी असतील, पण डोकं तेच लावायचंय.

फाइल

वर्डमध्ये प्रकरणांच्या नावांना हेडिंग स्टाइल द्या, नव्या प्रकरणाआधी पेज ब्रेक टाका, एंटर मारून मारून पान खाली ढकलू नका, फॉन्ट युनिकोडच (कुठल्याही फोनवर वाचता येतो तो) ठेवा. जुन्या डीटीपी (छपाईच्या जुळणीच्या) फॉन्टातला मजकूर कन्व्हर्ट केला असेल तर पूर्ण पुस्तक परत वाचायचं, कारण रफार आणि जोडाक्षरं तिथेच मोडतात. किंडल प्रीव्ह्यूअरमध्ये (ईबुक कसं दिसेल ते दाखवणारं ॲमेझॉनचं सॉफ्टवेअर) फोनच्या आकारात एकदा बघून घ्या. नुसता मजकूर असलेल्या कादंबरीच्या फॉर्मॅटिंगला कुणाला पैसे देऊ नका.

कव्हर

ते पैसे इथे घाला. उंची २५६० पिक्सेल, रुंदी १६००. डिझायनरने पाठवलेलं कव्हर फोनवर नखाएवढं करून बघायचं, नाव वाचता येत नसेल तर परत पाठवायचं, मग ते मोठं केल्यावर कितीही देखणं दिसो. आणि चित्र एआयने केलेलं असेल तर अपलोड करताना तसं सांगावं लागतं, २०२३ पासून केडीपी हे विचारतं. लपवू नका.

खातं, टॅक्स, आयएसबीएन

केडीपीच्या खात्यातला टॅक्सचा फॉर्म कंटाळा न करता नीट वाचून भरा, नाहीतर अमेरिकेतल्या विक्रीवर ३० टक्क्यांपर्यंत कापले जाऊ शकतात. ईबुकला केडीपीवर आयएसबीएनची (पुस्तकाच्या ओळख क्रमांकाची) सक्ती नाही, ते स्वतःचा नंबर फुकट देतात. पैसे महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी येतात, तेव्हा पहिल्याच आठवड्यात बँकेचं ॲप उघडत बसू नका.

किंमत आणि सिलेक्ट

रॉयल्टीचे दोन दर आहेत, ३५ टक्के आणि ७० टक्के. अमेरिकेच्या दुकानात ७० टक्के हवे असतील तर किंमत २.९९ ते ९.९९ डॉलरच्या मध्ये ठेवावी लागते, बाकी देशांसाठी अशाच पट्ट्या त्यांच्या यादीत आहेत. ७० टक्क्यांवर फाइलच्या वजनाप्रमाणे डिलिव्हरीचे पैसे कापतात, म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर ते नक्षीचं चित्र उगाच ठेवू नका. भारत, ब्राझील, जपान आणि मेक्सिको इथल्या विक्रीवर ७० टक्के मिळायला पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये असावं लागतं. सिलेक्ट म्हणजे ९० दिवस ईबुक दुसरीकडे कुठेही नाही, कागदी पुस्तक चालतं. इथे बरेचजण फसतात, कारण त्यांची तीच कादंबरी आधी कुठल्यातरी ॲपवर क्रमशः टाकलेली असते आणि अजून तिथेच पडलेली असते. ती काढा. नमुना म्हणून १० टक्क्यांपर्यंत मजकूर बाहेर चालतो, त्याहून जास्त नाही. आणि ९० दिवस संपले की आपोआप पुढचे ९० सुरू होतात, नको असेल तर आपोआप पुढे चालू ठेवायची खूण आधीच काढून ठेवा.

वर्णन (इथे थांबा)

पुस्तकाच्या पानावर कव्हरच्या बाजूला जो मजकूर असतो, तो. केडीपी त्याला ४००० अक्षरं देतं आणि लेखक ती सगळी भरतात. मला स्वतःला हा टप्पा सगळ्यात जड गेला, अख्खी कादंबरी लिहिणं परवडलं पण हे दीडशे शब्द नको असं व्हायचं, आणि त्यावर जे सल्ले मिळतात ते बहुतेक भंपक असतात. ‘आकर्षक वर्णन लिहा.’ अहो पण म्हणजे काय करा?

आधी एक फरक लक्षात घ्या. छापील पुस्तकाचा मलपृष्ठावरचा मजकूर वाचणाऱ्याच्या हातात पुस्तक आधीच असतं, तो चार वाक्यं सहन करतो. ईबुकचं वर्णन वाचणाऱ्याचा अंगठा स्क्रीनवर असतो आणि त्याला तुमच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, पुढचं बघायला ‘आणखी वाचा’ दाबावं लागतं. म्हणजे जे काय आहे ते त्या दोन-तीन ओळींत.

आता हे बघा. कादंबरी मी इथल्यापुरती बनवलीय, पण वर्णन असंच असतं, कुठलंही पान उघडा:

‘माणसाच्या मनाचा थांग कुणाला लागलाय? नात्यांच्या गुंत्यात अडकलेल्या एका सामान्य माणसाची ही असामान्य कहाणी. मोह आणि अपराधीपणाच्या हिंदोळ्यावर झुलणारी, वाचकाला अंतर्मुख करणारी उत्कंठावर्धक कादंबरी.’

ही कुठल्याही कादंबरीला चिकटवा, चिकटेल. आता त्याच कादंबरीचं दुसरं वर्णन:

‘वडील वारले हे सतीशने पेन्शन ऑफिसला कळवलंच नाही. दर महिन्याला पैसे येत राहिले, त्यातून घराचा हप्ता जात राहिला. हयातीच्या दाखल्यावर अंगठा कुणाचा होता हे फक्त त्याच्या आईला माहितीय. आता पत्र आलंय: पेन्शनधारकाला महिनाअखेरपर्यंत समक्ष हजर करा. आणि आई म्हणतेय, तू काळजी करू नको, माणूस मी आणते.’

मोह, अपराधीपण, नात्यांचा गुंता, सगळं ह्यात आहे, फक्त ते शब्द नाहीयेत. वाचकाला कळलं की माणूस कोण, अडकलाय कशात, आणि कधीपर्यंत. ह्या तीन गोष्टी असल्या की वर्णन उभं राहतं, ह्यातली एक जरी गाळली तरी ते हवेत जातं.

हे लिहिताना लेखक हमखास अडतो तो एकाच जागी. त्याला गुपित फोडायचं नसतं. सतीशचे वडील वारलेत हे त्याने तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी केवढ्या कौशल्याने उघड केलेलं असतं आणि मी म्हणतेय की ते पहिल्या ओळीत सांगून टाका. हो, सांगून टाका. कादंबरीच्या पहिल्या पाव भागात जे घडतं ते सगळं वर्णनात सांगायला मोकळं आहे, हा माझा नियम आहे आणि मी त्यावर वाद घालत नाही. तिसऱ्या प्रकरणातला धक्का राखायचा म्हणून तुम्ही वर्णन धुरकट ठेवता, आणि तो धक्का बसायला वाचक तिथपर्यंत येतच नाही. आई कुणाला आणते हे राखून ठेवा ना. तेच खरं गुपित आहे. आणि तुमच्या कादंबरीतलं सगळं नवल जर पहिल्या पाव भागातच संपत असेल तर अडचण वर्णनाची नाहीये, ती मोठी आहे.

बाकी बारीकसारीक, पण ह्यात मी कडक आहे. नावं दोनच्या वर नकोत, वरच्या नमुन्यात आईला नावच नाही आणि कुणाचं काही अडत नाही. उत्कंठावर्धक, हृदयस्पर्शी, थरारक, वेगळ्या वाटेवरची, असले शब्द स्वतःच्या पुस्तकाला लावायचे नाहीत, ते दुसऱ्याने म्हणायचे असतात. शेवटी ‘सत्य बाहेर येईल का?’ असा प्रश्न टाकायचा नाही, येणारच आहे, सगळ्यांना माहितीय. लेखकाला लहानपणापासून लेखनाची आवड होती हे वर्णनात नको, त्याला लेखक परिचयाचा वेगळा रकाना आहे.

तपासायचं कसं? ‘कसं वाटलं?’ असं कधीही विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणतात. कादंबरी न वाचलेल्या माणसाला वर्णन एकदाच दाखवा, काढून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी विचारा की पुस्तक कशावर होतं. ‘ते बघ, मेलेल्या बापाची पेन्शन खातो तो’ असं उत्तर आलं तर जमलं. ‘काहीतरी नात्यांवर होतं बहुतेक’ आलं तर परत बसा. वर्णन पुस्तक निघाल्यावरही कधीही बदलता येतं, पानावर दिसायला तीनेक दिवस लागू शकतात, त्यामुळे एकदा टाकलं म्हणजे दगडावर कोरलं असं नाही. फक्त एका वेळी एकच गोष्ट बदला. कव्हर, किंमत आणि वर्णन तिन्ही एकदम बदललंत तर विक्री कशाने हलली ते देवालाच ठाऊक.

नमुन्याची पानं

वर्णन आवडलं की वाचक फुकटचा नमुना उघडतो, तो साधारण पुस्तकाचा पहिला १० टक्के भाग असतो. आता आपल्याकडे कादंबरीच्या आधी काय काय असतं ते आठवा: अर्पणपत्रिका, कुणातरी ज्येष्ठांची प्रस्तावना, मनोगत, ऋणनिर्देश, दुसरं काही राहिलं असेल तर ‘थोडंसं आणखी’. दोनशे पानांच्या कादंबरीत वीस पानं नमुना, त्यातली बारा ह्यातच गेली. अर्पणपत्रिका राहू द्या, बाकी सगळं मागे टाका. ज्येष्ठांना राग येईल, येऊ द्या.

कीवर्ड आणि वर्गवारी

कीवर्डना, म्हणजे वाचक ज्याने पुस्तक शोधतो त्या शब्दांना, सात खोके, प्रत्येकी ५० अक्षरं, आणि पुस्तक कुठल्या प्रकारात दिसावं त्यासाठी तीन वर्ग. पुस्तकाच्या नावातले शब्द परत भरू नका, ‘बेस्टसेलर’ किंवा दुसऱ्या लेखकांची नावं घालायला बंदी आहे. वाचक शोधताना काय टाइप करेल ते लिहा, आणि बरेचजण मराठी पुस्तकही रोमन लिपीत टाइप करून शोधतात, म्हणून दोन-तीन खोके रोमनमध्ये भरा.

रिव्ह्यू

घरच्यांकडून लिहून घेऊ नका. ॲमेझॉनला नातेवाईक आणि जवळच्या मित्रांचे रिव्ह्यू चालत नाहीत, विकत घेतलेले चालत नाहीत, ‘मी तुझा लिहितो तू माझा लिही’ पण चालत नाही, आणि ते सापडले की उडतात. आगाऊ प्रत फुकट दिलेली चालते, पण बदल्यात रिव्ह्यू हवाच अशी अट घालता येत नाही. सगळ्यात साधा उपाय म्हणजे कादंबरी संपते त्याच पानावर, शेवटच्या वाक्यानंतर लगेच, दोन ओळींची विनंती. वाचक तेव्हा पुस्तकातून नुकताच बाहेर आलेला असतो, नंतर तो हाती लागत नाही.

प्रमोशन

आता लिंक वाटा. पण ‘माझी कादंबरी प्रकाशित झाली, आशीर्वाद असू द्या’ असं नको, आशीर्वाद भरपूर मिळतात, विक्री होत नाही. वर्णनातल्या पहिल्या दोन ओळी टाका आणि खाली लिंक. सिलेक्टमध्ये असाल तर दर ९० दिवसांत ५ दिवस पुस्तक फुकट ठेवता येतं, पण एकच कादंबरी असेल तर त्याचा फारसा फायदा मला दिसत नाही, लोक उतरवून ठेवतात आणि विसरतात. मालिका असेल तर पहिला भाग जरूर फुकट ठेवा.

पैसे देऊन जाहिरात करायची तर छोट्या रकमेने, आणि विक्रीपेक्षा निदान करायला म्हणून करा. जाहिरात भरपूर लोकांना दिसतेय पण क्लिक येत नाहीत, म्हणजे कव्हर किंवा नाव गंडलंय. क्लिक येतात पण कुणी घेत नाही, म्हणजे वर्णन, नमुना किंवा किंमत. हे कळेपर्यंत रक्कम वाढवायची नाही. आणि पुस्तक निघालं की ‘आम्ही तुम्हाला बेस्टसेलर करून देतो’ असं पॅकेज घेऊन कुणीतरी मेसेज करतंच. त्यांना एवढंच विचारा की तुम्ही माझं वर्णन वाचलंत का, पुस्तक कशावर आहे? बहुतेक मेसेज तिथेच थांबतात.

दुसरी कादंबरी निघाली की पहिलीची फाइल उघडा, रिव्ह्यूच्या विनंतीखाली नव्या कादंबरीच्या वर्णनातल्या दोन ओळी आणि लिंक टाका आणि फाइल परत अपलोड करा. ज्यांनी आधी घेतलंय त्यांच्याकडे ते आपोआप पोचेलच असं नाही, पण त्या दिवसापासून पुढचे सगळे वाचक तिथूनच पुढे जातील.