खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी काळजी कशी घ्यावी

खांद्यातील फाटलेली कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा) दुर्बिणीच्या साहाय्याने पुन्हा हाडाशी शिवून घेण्याच्या शस्त्रक्रियेला रोटेटर कफ दुरुस्ती म्हणतात. त्वचेवरच्या लहान जखमा साधारण दोन आठवड्यांत भरतात, परंतु कंडरा हाडाला पक्की धरायला सुमारे 12 आठवडे लागतात आणि दुखणे त्याच्या बरेच आधी ओसरते. घरी घ्यायची बहुतेक काळजी या तफावतीमुळेच घ्यावी लागते. फाट किती मोठी होती यावर वेळापत्रक बदलते. म्हणून खालील मजकूर आणि आपल्या डॉक्टरांची सूचना यांत फरक आढळल्यास डॉक्टरांचेच ऐकावे.

शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी

रोज लागणारी भांडी, औषधे आणि कपडे कमरेच्या उंचीवर आणून ठेवावेत. पुढून बटणे असलेले सैल शर्ट किंवा गाऊन आणि नाडीऐवजी इलॅस्टिक असलेल्या विजारी काढून ठेवाव्यात. भारतीय पद्धतीचे शौचालय असल्यास उठताना हात टेकण्याची सवय महागात पडते, त्यामुळे कमोडची खुर्ची आणावी किंवा चांगल्या हाताच्या बाजूला भिंतीत दांडी बसवून घ्यावी. डाव्या खांद्याची शस्त्रक्रिया असेल तर जेट स्प्रेही बसवून घ्यावा. हा विषय संकोचापोटी कोणी काढत नाही आणि घरी आल्यावर पहिल्याच सकाळी अडचण उभी राहते.

पहिली रात्र आणि झोप

शस्त्रक्रियेच्या वेळी मानेजवळ इंजेक्शन देऊन हात बधिर केला असेल, तर तो परिणाम बऱ्याचदा 12 ते 24 तास टिकतो आणि नंतर वेदना एकदम उसळते. बधिरपणा पूर्ण उतरण्याची वाट न पाहता, सांगितलेली वेदनाशामक गोळी काहीतरी खाऊन वेळेवर घ्यावी. हात बधिर असेपर्यंत तो कोठे आहे हे कळत नाही, म्हणून तो स्लिंगमध्येच (गळ्यात अडकवायच्या झोळीत) असावा आणि गरम वस्तूंपासून दूर ठेवावा. बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून एका वेळी 15 ते 20 मिनिटेच ठेवावी.

सपाट झोपल्यावर खांदा मागे ओढला जातो आणि दुखतो. पाठीमागे लोड आणि उशा रचून अर्धवट बसल्यासारखे झोपावे. आरामखुर्ची असल्यास उत्तमच. कोपराखाली दुमडलेली चादर अशी ठेवावी की झोपलेल्या माणसाला स्वतःचे कोपर दिसत राहील, कारण ते नजरेआड गेले की खांदा मागे गेला असे समजावे. शस्त्रक्रिया झालेल्या कुशीवर वळू नये आणि झोपेतही स्लिंग काढू नये. झोपेची ही गैरसोय कित्येक आठवडे चालते, हे घरच्यांनीही गृहीत धरलेले बरे.

अंघोळ आणि कपडे

टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण 10 ते 14 दिवस, जखम कोरडी ठेवावी आणि अंग ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. काखेत घाम साचून त्वचा सोलवटते. तेथे स्वच्छता करताना हात बाजूला उचलू नये. चांगल्या हाताने टेबल धरून कमरेतून पुढे वाकावे, म्हणजे हात आपोआप लोंबतो आणि काख मोकळी होते. शर्ट घालताना शस्त्रक्रिया झालेला हात आधी बाहीत सरकवावा, काढताना तो सर्वांत शेवटी काढावा.

व्यायाम

बोटे, मनगट आणि कोपर यांची हालचाल बहुधा पहिल्या दिवसापासूनच करायची असते; ती टाळल्यास हाताला सूज येते. खांद्याचा क्रम वेगळा आहे. आधी दुसऱ्याने किंवा चांगल्या हाताने हलवायचा, मग काठी अथवा दारावरच्या कप्पीच्या मदतीने, मग स्वतःच्या बळावर, आणि ताकदीचे व्यायाम अगदी शेवटी, सहसा 12 आठवड्यांनंतर. यातील पुढची पायरी केव्हा गाठायची हे फिजिओथेरपिस्टने सांगावे. शेजारच्या कोणाचा हात महिन्यात वर गेला होता, ही माहिती येथे निरुपयोगी आहे. मधुमेह असणाऱ्यांचा खांदा आखडण्याचा संभव अधिक असतो आणि तंबाखूमुळे कंडरा भरण्यास विलंब होतो, म्हणून साखर आणि व्यसन या दोहोंवर याच काळात नियंत्रण हवे. सांध्यावर तेल लावून रगडणे किंवा गरम लेप लावणे टाळावे.

तिसऱ्या आठवड्यापासूनची सावधगिरी

स्लिंग साधारण 4 ते 6 आठवडे असते, पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुखणे कमी झाले की माणूस नकळत ती काढून ठेवतो. भरलेली बादली उचलणे, कणीक मळणे, जमिनीवरून उठताना तळवा टेकणे, बसमध्ये वरची कडी धरणे, पडणारी वस्तू झटकन झेलणे, अशा एखाद्या कृतीने कंडरेचा आतला टाका सुटू शकतो. घरात मांडीवर बसायला येणारे लहान मूल असेल तर त्याला चांगल्या हाताकडेच बसवावे. स्लिंग असेपर्यंत कोणतेही वाहन चालवू नये; दुचाकीला तर डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी देईपर्यंत हात लावू नये, कारण अचानक ब्रेक मारताना सारा भार खांद्यांवर येतो.

डॉक्टरांना ताबडतोब कळवावे असे

101 फॅरनहाइटच्या वर ताप, जखमेतून पू, पसरत जाणारी लाली, इंजेक्शनचा परिणाम उतरल्यानंतरही बोटांना न जाणारा बधिरपणा, बोटे निळसर पडणे, पडल्यानंतर किंवा झटका बसल्यानंतर वाढलेले दुखणे, अथवा पोटरीला सूज यांपैकी काहीही आढळल्यास पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नये. दम लागला किंवा छातीत दुखू लागले, तर फोनवर वेळ न घालवता सरळ रुग्णालय गाठावे.